भरवशाची म्हैस आणि बाजारातली शेळी

श्रोतेहो, भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. जिच्यावर सगळी भिस्त ठेवली ती व्याली आणि टोणगा झाला. म्हण इथं संपते, पण घर काही तिथं थांबत नाही. टोणगा झाला म्हणून कुणी म्हशीचं दावं सोडून तिला हाकलून देत नाही. दूध तर ती देतेच. घरची बाई तिला पूर्वीसारखीच वैरण घालते, पाठीवरून हात फिरवते, आणि दुपारी हळूच धन्याला म्हणते, 'येत्या बाजारात एखादी शेळी बघून ठेवा.' म्हणीत न आलेली ही शेळी आज मला तुमच्यापुढं आणायची आहे.

विषय आहे राष्ट्रांच्या मैत्रीचा. एखादा देश बलाढ्य मित्राच्या भरवशावर उभा असतो, आणि त्या मित्राच्या गादीवर असा माणूस येतो की त्याच्या शब्दाचा नेम राहत नाही. अशा वेळी लहान मित्र काय करतो? मी परराष्ट्र धोरणाचा पंडित नाही. बी.ए. झालो, आयुष्यभर कविता लिहिल्या. पण दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द यांतलं अंतर मोजणं हे कवीचंही काम आहे, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पहिली गोष्ट आपल्या मातीतलीच. जामखेड तालुक्यात खर्डा नावाचं गाव आहे. तिथला किल्ला अजून उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजी या खर्ड्याजवळ पेशव्यांच्या फौजेनं निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली आले होते, म्हणून मराठ्यांचा एकजुटीचा शेवटचा मोठा विजय म्हणून आपण ही लढाई शाळेत शिकलो. माझा जन्म निजामाच्या जुन्या मुलखातला, मराठवाड्यातला. त्यामुळे हरलेल्या बाजूच्या तंबूत त्या रात्री काय चाललं असेल, हा प्रश्न मला नेहमी पडत आला.

निजाम अली खान मोठ्या भरवशावर रणात उतरला होता. पाचच वर्षांपूर्वी, १७९० मध्ये, पुणे, हैदराबाद आणि इंग्रजांची कंपनी यांनी टिपूविरुद्ध एकत्र तह केला होता. कंपनीच्या दोन पलटणी निजामाच्या पगारावर त्याच्या पदरी होत्या. चौथाईच्या थकबाकीवरून पुण्याशी वाजलं तेव्हा त्यानं इंग्रजांकडे पाहिलं. गव्हर्नर जनरल होते सर जॉन शोअर. त्यांचं म्हणणं असं, की निजामही मित्र आणि पेशवेही मित्र, तेव्हा आम्ही कुणाच्याच बाजूनं लढणार नाही. पगार निजामाचा, पण त्या दोन पलटणींना मराठ्यांशी लढायची मुभा नव्हती. कागदावर पाहिलं तर शोअर यांची भूमिका फारशी चूक नव्हती. पण खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या माणसाला कागद दिसत नाही, रिकामी वाट दिसते. निजामाला दौलताबाद द्यावं लागलं, मुलूख द्यावा लागला, कोट्यवधी रुपये कबूल करावे लागले, आणि स्वतःचा दिवाण ओलीस म्हणून पुण्याला पाठवावा लागला.

परत गेल्यावर त्यानं केलं काय? इंग्रजांशी मैत्री तोडली नाही. मात्र त्या दोन पलटणींना निरोप दिला, आणि आपल्या पदरच्या रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवायला घेतली. ही त्याची शेळी. थोड्याच महिन्यांत त्याचा मुलगा अली जाह यानं बंड केलं, तेव्हा घाबरून त्यानं इंग्रज पलटणींनाही परत बोलावलं, हेही सांगायला हवं. बंड मोडायला मात्र रेमंड उपयोगी पडला. हैदराबादेत हा रेमंड इतका लोकप्रिय झाला की हिंदू त्याला मूसा राम म्हणत आणि मुसलमान मूसा रहीम. तिथला मूसारामबाग हा भाग आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. परक्या सरदाराच्या वाट्याला असं नाव क्वचितच येतं.

पण शेवट काय झाला? १७९८ मध्ये शोअर गेले, वेलस्ली आले. नवा माणूस, नवा स्वभाव. इकडे युरोपात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांच्या जिवावर उठलेले. आपल्या मित्राच्या दारात फ्रेंचांची फौज आहे, हेच कारण वेलस्लींना पुरलं. रेमंड त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. १ सप्टेंबरला तह झाला, ऑक्टोबरमध्ये त्या फौजेला वेढून तिची हत्यारं काढून घेतली, आणि दोनाऐवजी सहा इंग्रज पलटणी हैदराबादेत आल्या. दोन वर्षांनी त्यांच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा हा सगळा मुलूख गेला.

माझं मत असं, की निजामाची शेळी शोधण्याची बुद्धी बरोबर होती, पण शेळी त्यानं म्हशीच्या वैऱ्याच्या बाजारातून आणली. शिवाय म्हैस दारातच उभी होती. बलाढ्य मित्र इतका जवळ असेल, तर त्याच्यावरचा तुमचा अविश्वास त्याला दिसतो, आणि त्या अविश्वासाचीही तो किंमत वसूल करतो. ही अडचण लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीतल्या लोकांनी ती ओळखली होती.

ती गोष्ट जपानची. दुसऱ्या महायुद्धात हरलेला हा देश १९५१ च्या करारानं अमेरिकेच्या छत्राखाली आला. संरक्षण अमेरिकेचं, व्यापाराची मोठी पेठ अमेरिकेची, आणि चीनबाबतची भूमिकाही अमेरिकेचीच. अमेरिका बीजिंगच्या सरकारला मानत नाही, म्हणून जपानही मानत नव्हता. असाकाई नावाचे त्यांचे एक राजदूत वॉशिंग्टनला होते. त्यांना म्हणे एकच दुःस्वप्न पडे, की सकाळी उठावं आणि कळावं, अमेरिकेनं आपल्याला न विचारता चीनशी दोस्ती केली.

१५ जुलै १९७१ ला हे स्वप्न खरं झालं. अध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केलं की ते चीनला जाणार आहेत. किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊनही आले होते. जपानचे पंतप्रधान साटो यांना ही बातमी जगाच्या काही मिनिटं आधी कळली. वर्षानुवर्षं ज्या माणसानं मित्रासाठी स्वतःच्या शेजाऱ्याशी अबोला धरला, त्याला काही मिनिटं!

बरोबर एक महिन्यानं, १५ ऑगस्टला, दुसरा धक्का. निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि आयात मालावर दहा टक्के जादा कर बसवला. १५ ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन, पण जपानसाठी तो १९४५ च्या शरणागतीचा दिवस. ही तारीख जपानी माणसाला बोचल्याशिवाय राहिली नसेल. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा भाव दगडावरच्या रेघेसारखा होता, तो डिसेंबरपर्यंत ३०८ वर आला. या सगळ्याला जपानी भाषेत अजूनही 'निक्सन शोक्कु' म्हणतात.

निक्सन यांचा राग होता तो कापडावर. जपानी कापडानं अमेरिकेतल्या गिरण्या अडचणीत आल्या होत्या आणि साटो ती निर्यात आवरत नव्हते. त्याच सुमारास महायुद्धापासून अमेरिकेच्या ताब्यात असलेलं ओकिनावा बेट परत मिळवण्याची बोलणी चालू होती. शेवटी कापडाचा करार झाला आणि १९७२ च्या मे महिन्यात ओकिनावा परत आलं. जपानी लोकांनी यावर एक कोटी केली, ती मला फार आवडते. त्यांच्या भाषेत 'नावा' म्हणजे दोर, आणि ओकिनावा या नावात तो शब्द आहे. लोक म्हणाले, सरकारनं धागा विकला आणि दोर विकत घेतला. मोठ्या माणसांच्या वाटाघाटींचा इतका नेमका हिशेब फक्त सामान्य माणसाच्या तोंडीच सापडतो.

साटो १९७२ मध्ये गेले. तनाका आले, आणि सप्टेंबरमध्ये ते थेट बीजिंगला पोचले. २९ सप्टेंबरला जपान आणि चीन यांचे संबंध रीतसर सुरू झाले. अमेरिकेला त्याच गोष्टीसाठी १ जानेवारी १९७९ उजाडावा लागला. ज्याच्या मागून चालायचं तो न सांगता वळला, तर मागचा माणूस पळत जाऊन पुढं उभा राहिला. आणि तरीही, श्रोतेहो, अमेरिकेशी असलेल्या संरक्षण करारातलं एक अक्षर जपाननं बदललं नाही. अमेरिकेचे तळ होते तिथंच राहिले. म्हशीची वैरण चालूच होती.

आता यातला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा भाग. तो परराष्ट्र खात्यात घडला नाही, शेतात घडला.

जपानी स्वयंपाकघर सोयाबीनवर चालतं. तोफू, मिसो, नत्तो, शोयु नावाचं ते काळं आंबवलेलं पाणी, सगळं सोयाबीनचं. आपल्या घरातून तूरडाळ काढून घेतली तर काय होईल, तसं ते. आणि हे सोयाबीन जवळजवळ सगळं येत होतं अमेरिकेतून. १९७२-७३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी बसली. त्या मासळीची पूड जनावरांच्या खाद्यात जायची, तेव्हा सगळं जग सोयापेंडेच्या मागं लागलं. अमेरिकेत खाद्य महागलं, मांस महागलं, घरोघरच्या बायका ओरडू लागल्या. निक्सन यांनी २७ जून १९७३ रोजी सोयाबीनची निर्यातच बंद केली. थोड्या दिवसांनी सवलत दिली, पण झालेल्या सौद्यांपैकी निम्माच माल सोडला. सौदा झालेला, भाव ठरलेला, आणि माल निम्मा! आडत बाजारात असं करणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कुणी उभं राहत नाही. काही महिन्यांत बंदी उठली. अमेरिकेत पीक चांगलं आलं, आणि वॉशिंग्टन हे प्रकरण विसरून गेलं.

टोकियो विसरलं नाही. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, तनाका ब्राझीलला गेले. ब्राझील जपानला परका नव्हता. १९०८ मध्ये जपानी शेतमजुरांचं पहिलं जहाज तिथल्या सांतोस बंदराला लागलं होतं, आणि जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वांत जास्त लोक आजही ब्राझीलमध्येच आहेत. त्या देशाच्या मधोमध एक अफाट माळ आहे. त्याला म्हणतात सेराडो. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ बंद, मिटलेला. तांबडी, आंबट माती; तीत पीक म्हणून येत नसे. १९७९ पासून २००१ पर्यंत जपान आणि ब्राझील यांनी मिळून तिथं शेती उभी करण्याची योजना चालवली. जपानचा पैसा, ब्राझीलच्या शेतीशास्त्रज्ञांची अक्कल. मातीत चुना मिसळून तिचा आंबटपणा मारला. सोयाबीन हे थंड मुलखातलं पीक, त्याचं उष्ण प्रदेशात तग धरणारं बियाणं तयार केलं. यश एकट्या जपानचं मुळीच नाही, ब्राझीलच्या लोकांनी ते घाम गाळून मिळवलं. पण माळाचं मिटलेलं दार उघडायला जो एक रेटा लागतो, त्यात १९७३ च्या त्या उन्हाळ्याचा हात होता.

आज जगात सर्वांत जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो, अमेरिकेपेक्षाही जास्त. गंमत पुढं आहे. जपान स्वतः अजूनही बहुतेक सोयाबीन अमेरिकेकडूनच घेतो! शेळी बांधली, पण दूध म्हशीचंच पितो. मग फायदा कुणाचा झाला? चीनचा. ब्राझीलचं बहुतेक सोयाबीन चीनला जातं. २०१८ मध्ये अमेरिका आणि चीन यांचं व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा चीननं अमेरिकी सोयाबीनकडे पाठ फिरवून ब्राझीलकडून माल उचलला. २०२५ मध्ये पुन्हा तेच. त्या सप्टेंबरात चीननं अमेरिकेचं सोयाबीन अजिबात घेतलं नाही, आणि आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्यांपुढं नव्या पिकाच्या राशी पडून राहण्याची वेळ आली. ऑक्टोबरच्या शेवटी दोन्ही नेत्यांची भेट झाली तेव्हा कुठं खरेदीचं ठरलं. ज्यांच्या घरातल्या महागाईसाठी निक्सन यांनी काही आठवडे दार लावलं, त्यांच्याच नातवंडांच्या शेतावर बावन्न वर्षांनी हा परिणाम येऊन आदळला. तिकडे सेराडोचं निम्मं मूळ रान नाहीसं झालं, ते वेगळंच. त्याचा जमाखर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा, मला सुचत नाही.

आणि आपण तरी कुठं बाहेर आहोत? लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची गाडी लावलेला शेतकरी आज आभाळ बघतो आणि ब्राझीलची बातमीही बघतो. तिकडे पीक भरघोस आलं की तेल आणि पेंड स्वस्त, आणि आपल्याकडचा सौदा खाली. २०२५ च्या हंगामात सरकारचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता. भाव पडण्याची कारणं अनेक आहेत, सगळं पाप निक्सन यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण औसा-निलंग्याच्या माणसाचं मिटलेल्या माळाशी नातं जुळलं, त्याला एक धागा त्या मोडलेल्या सौद्याचाही आहे.

आपण अमेरिकेचे मित्रराष्ट्र कधीच नव्हतो, पण असा अनुभव आपल्यालाही आहे. १९६५ ते ६७ या दुष्काळी वर्षांत अमेरिकी गव्हाची जहाजं अध्यक्ष जॉन्सन आपल्या मर्जीनं सोडत. व्हिएतनामवर दिल्ली काही बोलली की जहाज रेंगाळायचं. माझा जन्म १९७२ चा, दुष्काळाचा. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी कशी तुटायची नाही, हे अम्मा आम्हाला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा अजून ती चावत असल्यासारखा व्हायचा. १९६६ मध्ये आपण मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. पंजाबातली हरितक्रांती त्यातून उभी राहिली. तीही एक शेळीच.

आता आजच्या काळाकडे येऊ. डोनाल्ड ट्रम्प जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले, आणि असाकाईंचं दुःस्वप्न युरोपात घरोघरी पडू लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये हेग शहरात नाटो देशांची बैठक झाली. नाटोचे सरचिटणीस मार्क रुट यांनी बोलता बोलता ट्रम्प यांना 'डॅडी' म्हटलं. जग हसलं. मी हसलो नाही. मी कवी आहे, कसीदा लिहिणाऱ्यांची जात मला चांगली माहीत आहे. सुलतानाची तारीफ करणारा शायर मूर्ख नसतो. त्याचं अर्धं लक्ष सुलतानाच्या भुवईकडे असतं आणि अर्धं दरवाजाकडे. ज्या बैठकीत हा कसीदा झाला, त्याच बैठकीत या देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के खर्च संरक्षणावर करण्याचं ठरवलं. ट्रम्प यांना वाटलं आपण त्यांना वाकवलं. ते खरंही आहे. पण स्वतःची बंदूक घेतलेला माणूस पुढं पहारेकऱ्याचं किती ऐकेल, हा हिशेब त्या दिवशी कुणी मोठ्यानं मांडला नाही.

जर्मनीचं उदाहरण बोलकं आहे. कर्ज काढायचं नाही असा बाणा या देशानं २००९ मध्ये घटनेतच लिहून ठेवला होता. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ती घटना बदलली आणि संरक्षणासाठी कर्जाची मर्यादा सैल केली. निवडणूक जिंकल्याच्या रात्रीच मेर्ट्स म्हणाले होते की युरोपला टप्प्याटप्प्यानं अमेरिकेपासून स्वतंत्र करायचं आहे. हे मेर्ट्स अमेरिकेचे जुने चाहते, म्हणून त्यांच्या तोंडून ते जास्त लागलं.

पण मला सांगायचं आहे ते डेन्मार्कबद्दल. साठ लाख लोकांचा देश. आपल्या मुंबईतच त्याच्या दुपटीहून जास्त माणसं मावतात. २००१ च्या हल्ल्यानंतर नाटोनं एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला हे कलम पहिल्यांदा वापरलं, तेही अमेरिकेसाठी. तेव्हा डेन्मार्क अफगाणिस्तानात गेला, आणि या एवढ्याशा देशाचे चाळीसहून अधिक जवान तिथून परतले नाहीत. इतकी निष्ठा. आणि त्याच्याच ताब्यातलं ग्रीनलंड बेट मित्राला हवं झालं! ट्रम्प यांनी २०१९ मध्ये ते विकत मागितलं होतं. २०२५ मध्ये बळाचा वापर करणार नाही असं सांगायलाही त्यांनी नकार दिला. जानेवारी २०२६ मध्ये ग्रीनलंडवरून डेन्मार्कसह आठ युरोपीय देशांच्या मालावर दहा टक्के शुल्काची धमकी आली, आणि चारच दिवसांत ती मागं घेतली गेली. त्याच आठवड्यात ट्रम्प असंही म्हणाले की अफगाणिस्तानात हे मित्र आघाडीपासून जरा मागंच राहिले. कोपनहेगनमधल्या एखाद्या आईनं हे वाक्य ऐकलं असेल, तर तिच्या घरात त्या संध्याकाळी काय शांतता पसरली असेल!

डेन्मार्कनं काय केलं पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई संरक्षणासाठी क्षेपणास्त्रं घ्यायची होती, तेव्हा अमेरिकेची पेट्रियट नाकारून फ्रान्स आणि इटलीनं बनवलेली घेतली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचीच सोळा एफ-३५ विमानं आणखी मागवली. वर्तमानपत्रांना यात गोंधळ दिसला. मला यात घरची बाई दिसली. म्हशीला वैरणही घातली आणि शेळीला दोरही घेतला. शिवाय शेळी फ्रान्सची, म्हणजे घरातलीच; निजामासारखी वैऱ्याच्या बाजारातली नव्हे.

शेळी फुकट येत नाही, ही या गोष्टीची दुसरी बाजू. तिची किंमत मंत्री देत नाहीत. १ जुलै २०२५ पासून डेन्मार्कमध्ये अठरा वर्षांच्या होणाऱ्या मुलींची नावंही सक्तीच्या लष्करी सेवेच्या चिठ्ठीत जाऊ लागली. नोकरीचा काळ चार महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेला. एखादी मुलगी दाई व्हायचं ठरवून बसलेली असेल, एखादी बापाच्या बेकरीत उभी राहणार असेल. तिच्या नावाची चिठ्ठी निघाली तर तिचं एक वर्ष गेलं. वॉशिंग्टनच्या एका माणसाच्या लहरीचा आणि मॉस्कोच्या दुसऱ्याच्या हट्टाचा असा हिशेब तिच्या दारात येतो.

त्याआधीच त्यांनी एक सण दिला होता. ट्रम्प तेव्हा सत्तेवर नव्हते, युक्रेनचं युद्ध पेटलं होतं आणि संरक्षणाला पैसा हवा होता. डेन्मार्कमध्ये १६८६ पासून 'मोठ्या प्रार्थनेचा दिवस' पाळत. ईस्टरनंतरचा चौथा शुक्रवार. सगळ्या देशाला सुट्टी. सरकारनं २०२३ मध्ये कायदा करून ती सुट्टीच काढून टाकली, लोकांनी एक दिवस जास्त काम करावं आणि त्याचा कर संरक्षणाला जावा म्हणून. लोक चिडले. साठ लाखांच्या देशात साडेचार लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या सह्या केल्या, संसदेसमोर मोर्चे निघाले. कायदा झालाच. शुक्रवारची प्रार्थना म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून ही बातमी वाचताना मी जरा जास्त वेळ थांबलो.

त्या दिवशी पूर्वी बेकऱ्या बंद असत, म्हणून आदल्या दिवशी गव्हाचे गोल, मऊ पाव करून ठेवायचे, अशी तिथली जुनी रीत. ते पाव गुरुवारी संध्याकाळी गरम करून लोणी लावून खायचे. २०२४ च्या वसंतात शुक्रवार उजाडला आणि शेकडो वर्षांत पहिल्यांदा लोक त्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. आदल्या संध्याकाळी मात्र बेकऱ्यांमध्ये ते पाव भाजले गेले होते, आणि लोकांनी ते घरी नेऊन खाल्लेही होते.